आत्याला रकाना नाही

...नाही, मी म्हणते, विचारायची काही पद्धत असते की नाही? भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मी केलेलाच चहा पीत तो विम्याचा माणूस मला विचारतो, ‘एकटीचा की कुटुंबाचा?’ अहो, कुटुंबाचाच ना! म्हणून तर सकाळपासून उपाशी बसले होते!

तुम्हाला सांगते, आदल्या दिवशी भाऊ म्हणाला, ‘ताई, आपण सगळ्यांचा मिळून आरोग्यविमा काढतोय.’ आपण! सगळ्यांचा! एवढं ऐकलं आणि मी हवेतच. आता आरोग्याचा विमा म्हणजे रक्त तपासणार, रक्त तपासायचं तर पोट रिकामं हवं, हे सगळं माझं मीच ठरवलं. ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले आणि बाहेर येऊन बघते तर काय, हे चौघं टोस्ट खातायत! वहिनी म्हणते, ‘अय्या ताई, आज कसली तपासणी? आज नुसती माहिती भरायची!’ इकडे पोटात कावळे ओरडतायत आणि मी म्हणते, ‘छे गं, मला भूकच नाही.’

बरं, त्या माणसाने मांडीवर कॉम्प्युटर उघडला. नवरा, घेतला. बायको, घेतली. मुलगा, मुलगी, टकाटका घेतले. मग माझ्याकडे बघून लाडात, ‘आत्या, साखर जरा कमी झाली हं...’ आत्या म्हणाला बघा! म्हटलं, चला, लागला आपला नंबर. तर याची बोटंच थांबली. ‘यात आत्या नाहीये.’ नाहीये म्हणजे? ही काय समोर बसलीये, तुमच्या चहात साखर घालतेय! ‘तसं नाही हो, आईवडील आहेत, सासूसासरे आहेत, आत्याला रकाना नाही. मग तुमचा कसा करू... एकटीचा?’

सासूसासऱ्यांना रकाना! वहिनीचे आईवडील वर्षातून एकदा येतात, पंखा वाढवा म्हणतात आणि जातात! आणि या दोन पोरांचे गोवर, हललेले दात, फुटलेली ढोपरं कुणी निस्तरली? वहिनी ऑफिसात, भाऊ दौऱ्यावर. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, आणि ही दोघं माझ्या टेबलाखाली बसून पाढे म्हणतायत, वरून पेशंट बोंबलतोय! आमच्या दवाखान्यात कसं सोपं होतं... सोबत जो आला तो घरचा. आणि मला विचारतात, एकटीचा की कुटुंबाचा!

भाऊ म्हणाला, ‘अगं, कागदोपत्रीच असतं ते, मनावर घेऊ नकोस.’ मी? मनावर? मी हसले. इतकी हसले की भाची घाबरली. ‘काढा एकटीचा,’ म्हटलं. मग आत गेले, बेसिनचा नळ सोडला आणि नुसती उभी राहिले. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं हो. तेवढ्यात बाहेरून वहिनी, ‘ताई, नळ चालू राहिलाय का?’

परत येऊन बसते तर याचं आणखी आहेच. ‘आता शेवटचं. अचानक कोणी आजारी पडलं तर आम्ही फोन कोणाला करायचा?’ भाऊ म्हणतो, ‘ताईचा नंबर घ्या.’ वहिनी म्हणते, ‘हो हो, ताईंचाच, त्या लगेच उचलतात.’ भाचा कानातला इअरफोन न काढता, ‘आत्या.’ भाची म्हणते, ‘ऑफकोर्स आत्या!’ चौघांच्या नावापुढे माझा नंबर! आहे की नाही मजा? माणसाला रकाना नाही, पण नंबराला आहे!

मग आली माझी पाळी. ‘आणि आत्या, तुमच्यासाठी कोण?’

सगळ्यांकडे बघितलं. भावाचा फोन मीटिंगमध्ये बंद. वहिनीचा पर्सच्या तळाशी. पोरं नुसता मेसेज बघतात, आणि तो माझा असला तर सवडीने. तो बोटं उचलून थांबलेला...

शेवटी माझाच दिला. तो म्हणतो, ‘अहो आत्या, पण आजारी तुम्हीच असणार ना?’

म्हटलं, असेन. तुम्ही करा फोन. या घरात दुसरं कोण उचलतंय?