पुलाअलीकडे सोडलेली होडी

मी, मार्लिस हॅगेन, वय ५४ वर्षे, धंदा शाळेच्या बसवर चालक, राहणार लुइस्टन, आयडाहो राज्य, समक्ष हजर राहून जबाब लिहून देते की,

माझे वडील ऑर्विन हॅगेन, वय ८३, आज दुपारपासून नदीच्या पुलाजवळून बेपत्ता आहेत. त्यांना अलीकडे विसर पडतो. अंगात निळा शर्ट, डोक्यावर टोपी.

आम्ही दर उन्हाळ्यात पलीकडे, वॉशिंग्टन राज्यात मासेमारीला जातो. पिकअपला मुक्कामाचा कॅम्पर आणि कॅम्परच्या मागे होडीचा ट्रेलर. आमच्या राज्यात लांबी मापात असली की असे दोन ट्रेलर ओढता येतात. पुलापलीकडे एकच चालतो. म्हणून होडी अलीकडे सोडायची, कॅम्पर पलीकडे ठेवून यायचे, मग होडी न्यायची, अशी आमच्या घरची रीत आहे. वडील गाडी चालवत. आई, व्हर्ना, घडीच्या खुर्चीत होडीची राखण करी. ती मार्चमध्ये मयत झाली.

आज गाडी मी चालवत होते. दोन्ही ट्रेलर एकदमच पलीकडे न्यावेत असे माझ्या मनात होते. मी म्हणाले, "एवढासा पूल, बाबा. कोण बघतंय?"

ते म्हणाले, "मी बघतोय ना! सोड होडी."

मी सोडली. आईची खुर्ची मांडली. ते बसेनात. "हे व्हर्नाचं काम. मी गाडीवर असतो."

"आई नाही ना आता, बाबा. बसा की जरा, ही मी आलेच."

ते बसले. मी त्यांच्याकडे नीट पाहिलेही नाही, मला घाई होती.

परत आले तर होडी जागेवर, खुर्ची रिकामी. मी काठ पाहिला, पेट्रोल पंप पाहिला, हाका मारल्या. कायदा मोडला असता तर ते आत्ता माझ्या शेजारी बसून मला गाडी हळू चालव म्हणत असते. हे वाक्य गाळू नये. मी सारखी उठते म्हणून अंमलदारांनी मला दोनदा बसायला सांगितले. मला बसवत नाही.

जबाब चालू असताना पलीकडच्या पोलिसांचा फोन आला. वडील पूल चालत ओलांडून तिकडे सापडले, सुखरूप आहेत. येणारी प्रत्येक गाडी थांबवून विचारत होते, "माझी बायको दिसली का? होडी तिथंच आहे. ती होडी सोडून कधी जात नाही हो!"

आईबद्दल त्यांना फोनवर काही सांगू नका, अशी मी विनंती केली. मी निघते आहे. होडी आज तिथेच राहू दे.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. फक्त आई मयत झाल्याची ओळ आहे, ती वडिलांसमोर कोणी मोठ्याने वाचू नये.