मागचं विमान

दातांच्या दवाखान्यात सुतार सुजलेला गाल धरून नंबराची वाट बघत होता. शेजारी चाळिशीतले बहीण-भाऊ येऊन बसले. बहीण बसल्या बसल्या सुरू झाली.

“दादा, आपला तो विमानांचा गेम परवा संपवला मी.”

“कसा? तो टीव्हीला जोडायचा डबा तर केव्हाच भंगारात गेला.”

“कॉम्प्युटरवर. इम्युलेटर टाकला की कॉम्प्युटर त्या डब्याची हुबेहूब नक्कल करतो. गेम तोच, आवाजही तोच.”

“एकटीने संपवलास?”

“तो एकट्यानेच खेळायचा गेम आहे. मागचं विमान आपोआप उडतं.”

“हं.”

“मग लहानपणी मी काय उडवत होते? माझ्या रिमोटची वायर कुठे होती?”

“सोफ्यामागे. तू भोकाड पसरायचीस, म्हणून आईच म्हणाली, दे तिच्या हातात काहीतरी.”

“आणि हरलास की ‘तुझ्यामुळे हरलो’ म्हणून धपाटे घालायचास, ते?”

“लहान होतो गं.”

“आणि मी मोठी होते! जाऊ दे. रविवारी ये खेळायला.”

“येतो की. रिमोट आहेत ना दोन?”

“आहेत. तुझ्या रिमोटची वायर सोडून ठेवलीय सोफ्यामागे.”

सुताराला हसू आवरेना, आणि हसला की गाल ठणकत होता.