चपलांचा आवाज

(हॉटेलच्या चादरी धुऊन देणाऱ्या लाँड्रीची मागची खोली. दुपार. मायलेकी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालताहेत. सहा वर्षांची ठमी फिरत्या मशीनच्या काचेला गाल लावून बसली आहे. तिचा सव्वा वर्षाचा भाऊ कपड्यांच्या टोपलीत झोपला आहे.)

लेक – नाही म्हटलं ना एकदा. ओढ गं आई, तुझी बाजू सैल पडतेय.

आई – ओढतेच आहे. हात सैल झालेत माझे, डोकं नाही. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या मुलीला गोवर निघालाय. दवाखान्यात ठेवलंय तिला. आणि आपल्या बाळाला अजून एकही लस टोचलेली नाही.

लेक – टोचणारही नाही.

आई – नर्सबाई चारपर्यंत असतात. मी सांगून ठेवलंय त्यांना.

लेक – मला न विचारता?

आई – विचारतेच आहे की सव्वा वर्ष. कोपरे जुळव.

लेक – जुळवले. एक मूल मी त्या लशीत घालवलं, आई. आता दुसरं घालवू?

आई – घालवलं म्हणे! ती काय समोर बसलीय. सकाळपासून मशीन बघतेय. तुझा नवरा मॅचसुद्धा इतकी मन लावून बघत नसेल.

लेक – चेष्टा नको. दीड वर्षाची होती. सर्दी होती तिला. हे म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाऊ. मीच हटून बसले. मांडीवर घेऊन या दोन हातांनी दाबून धरलं तिला. नर्स म्हणाली, घट्ट धरा. मी घट्ट धरलं. त्यानंतर ती माझ्याकडे बघेनाशीच झाली.

आई – डॉक्टरीणबाईंनी किती समजावलं तुला. हे स्वमग्नपण जन्माआधीचंच असतं, लशीचा काही संबंध नाही म्हणून.

लेक – त्यांच्या घरात आहे का असं मूल? माझ्या मोबाइलच्या ग्रुपवर दोनशे आया आहेत. सगळ्या एकच सांगतात.

आई – एकमेकींचं ऐकून सांगतात.

लेक – आणि तू? मला पहिल्यांदा कोणी सांगितलं? ग्रुप नंतर आला. तू सांगितलंस, स्वयंपाकघरात दूध गाळताना. ‘त्या लशीनंच झालं असणार बघ.’ तुझेच शब्द आहेत.

आई – हो. माझेच.

लेक – मग?

आई – चादर खाली ठेव जरा.

लेक – अजून चाळीस राहिल्यात. हात चालू ठेव आणि बोल.

आई – बरं. ठमीच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे ना तुझ्याकडे?

लेक – रोज बघते. लशीच्या सहा महिने आधीचा. काय छान हसतेय, टाळ्या वाजवतेय...

आई – टाळ्या आपण वाजवतोय गं. ती नाही. तुझे सासरे हाका मारमारून घसा बसवून घेताहेत, आणि ती जमिनीला गाल टेकून डब्याचं झाकण फिरवतेय. थांबलं की पुन्हा फिरवतेय.

लेक – सगळीच मुलं खेळतात झाकणांशी.

आई – खेळतात. त्या दिवशी माझ्या हातून ताटली पडली, आठवतं? तुम्ही म्हणालात, म्हातारीचे हात कापायला लागले. हात धड होते माझे. मी ते झाकण बघितलं होतं.

लेक – म्हणजे काय?

आई – मला भाऊ होता.

लेक – माहीत आहे. तीन वर्षांचा असताना तापात गेला.

आई – सव्वीस वर्षांचा होऊन गेला.

लेक – काय बोलतेस तू?

आई – कोपरा सुटला तुझा.

लेक – सुटू दे. कुठे होता तो?

आई – एका संस्थेत. मी सतराची, तो अकराचा, तेव्हा नेऊन ठेवलं. माझं लग्न बघत होते. वडील म्हणाले, घरात असा मुलगा आहे हे कळलं तर हिला करून कोण घेईल? आईनं त्याचे कपडे बांधले, वर त्याचं झाकण ठेवलं. मग आम्ही जागा बदलली. नव्या शेजाऱ्यांना सांगितलं, तापानं गेला. तीन वर्षांचा हे मी तुझ्यासाठी जोडलं. इतका लहान गेला म्हटलं की कोणी फार विचारत नाही.

लेक – तोही झाकण...?

आई – तासन्‌तास. शाळेतून आले की मीही त्याच्याशेजारी आडवी व्हायचे. तिथून बघितलं ना, की झाकण खोलीएवढं मोठं दिसतं. एक शब्द बोलत नव्हता. पण माझ्या चपला ओळखायचा. दारात त्या वाजल्या की झाकणावर हात ठेवायचा. दुसऱ्या कोणासाठी कधी थांबवलं नाही त्यानं.

लेक – आणि त्याला लस...

आई – कुठली लस तेव्हा आमच्याकडे! माझी आई म्हणायची, पोटात असताना मी जिन्यावरून घसरले म्हणून असा झाला. मरेपर्यंत शिव्या घातल्या बिचारीनं त्या जिन्याला.

लेक – हे सगळं माहीत असून तू मला लस म्हणालीस?

आई – तू विचारलंस, आपल्याकडे कोणी होतं का असं? अगदी ओठांवर आलं होतं. पण तुझी सासू दारात उभी. मला वाटलं, आता म्हणतील, मुलीकडून आलं, लपवून लग्न लावलं. आदल्या दिवशी शेजारीण लशीचं काहीतरी बोलली होती. तेच उचललं आणि तुझ्या हातात दिलं. वाटलं, चार दिवस पुरेल.

लेक – साडेचार वर्षं पुरलं. साडेचार वर्षं मी या हातांकडे बघत झोपतेय. दिसत होतं तुला?

आई – दिसत होतं.

लेक – तरी गप्प बसलीस.

आई – आठवडाभर तू अन्नाला शिवली नव्हतीस. लशीवर राग काढायला लागलीस आणि जेवायला लागलीस.

लेक – आणि आज काय काढून घेतेयस, कळतंय का तुला? लशीनं झालं म्हटलं की माझी एक मुलगी होती. बघणारी, हसणारी. हरवली, पण होती. ती परत यावी म्हणून काय काय पथ्यं केली, कुणाकुणाची औषधं पाजली हिला. आता तू म्हणतेस, तशी कोणी नव्हतीच. पहिल्यापासून हीच होती. मग मी वाट कुणाची बघत होते?

आई – (लेकीच्या हातून सुटलेला चादरीचा कोपरा उचलून तिच्या हातात देते.)

लेक – आणि इतके दिवस हिच्याकडे कोण बघत होतं?

आई – तू इथे कामावर असतेस तेव्हा घरी मी आडवी होते तिच्याशेजारी. कंबर धरते, पण होते.

लेक – तुझ्यासाठी थांबवते ती झाकण?

आई – माझ्यासाठी नाही. तू संध्याकाळी घरी येतेस तेव्हा थांबवते. जिन्यात तुझ्या चपला वाजल्या की हात ठेवते. तू आत येतेस, मोबाइल घेऊन बसतेस. तुझं लक्ष नसतं.

लेक – रोज?

आई – रोज.

लेक – ...तू त्याला भेटायला गेली होतीस कधी?

आई – एकदाच. तू पोटात होतीस. फरशी पुसलेली होती म्हणून दारातच चपला काढायला लावल्या. मी अनवाणी आत गेले. त्याला कळलंच नाही कोणी आल्याचं. झाकण फिरतच राहिलं. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

लेक – किती वाजले?

आई – तीन वाजून गेले.

लेक – उद्यापासून मी तुझ्याशी नीट बोलेन असं समजू नकोस.

आई – नाही समजत.

लेक – बाळाला उठव. टोपी घाल त्याला. ठमीला मी घेते. मशीन थांबल्याशिवाय ती उठायची नाही, अजून सात मिनिटं आहेत.

आई – थांबू की.

लेक – आणि आई...

आई – काय गं?

लेक – या वेळी मांडीवर तू घे त्याला.