बाबांच्या तोंडचं वाक्य

छापखान्याच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे बहीणभाऊ उभे होते. बहिणीच्या हातात वडिलांच्या शोकसभेचं इंग्रजी पत्रक होतं.

“दादा, हे अवतरणचिन्हांतलं वाक्य कुणाचं?”

“बाबांचं. ‘मी समाधानाने जातोय.’”

“कधी म्हणाले?”

“अगं, भावार्थ तोच ना!”

“मग चिन्हं कशाला? इंग्रजीचा मास्तर ना तू? चिन्हांत बोलणाऱ्याचेच शब्द घाला म्हणून वर्गात पोरांना झापतोस!”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

शिंपीणबाई उगाच पर्स चाचपू लागल्या.

“ऐकू देत! शेवटी त्यांच्या उशाशी मी होते, तू नव्हतास.”

“मग काय म्हणाले ते?”

“‘दादा आला का?’ सारखं तेच विचारत होते. घाल की आता हे चिन्हांत!”