उजव्या हाताला साबण

दोन हजार बावीस साल, मी एकाहत्तर वर्सांचा, आन तवर मला साधा चहा करता येत न्हवता. आता सांगताना लाज वाटती, पर तवा ती मर्दुमकी वाटायची. आमच्या आळीत बापय माणूस चुलीम्होरं बसला तर शेजारी दारात येऊन इचारायचे, काय हो, घरातली बाई कुठं गेली. माझा बा निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा. मी दुसरी पास झालो आन त्यानं मला शाळंतनं काढून चाळणीवर बसवला. तंबाखू चाळायची, धुरळा नाकातोंडात, शिंकून शिंकून डोळ्याला पाणी. तिथनं हळूहळू वर चढत मी पारखी झालो. पारखी म्हंजे काय, तर मूठभर माल घ्यायचा, आवळायचा आन सोडायचा. मूठ सोडल्यावर माल कसा सुटतो त्यावरनं सांगायचं, ओल किती हाय, कुठल्या रानातला हाय, कुठल्या पोत्यात भेसळ हाय. शेट म्हणायचे, दत्तूचा हात म्हंजे वखारीचा डोळा. शिकलेली माणसं माझ्या मुठीकडं बघत उभी ऱ्हायची, काय सांगू तुमाला.

आन त्या हाताची एक रीत व्हती. पारख्यानं उजव्या हाताला साबण लावायचा न्हाय. साबण लागला की कातडं मऊ पडतं, वास बदलतो, मग आठ-आठ दिस हाताला काय कळत न्हाय. मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं हे पयल्याच दिवशी सांगितलं आन मी पन्नास वर्सं पाळलं. अंघोळीला साबण डाव्या हातानं लावायचा, उजवा नुसता पाण्याखाली धरायचा. माझी बायको, शेवंता, म्हणायची, अवं, तुमचा एक हात माणसाचा आन एक हात वखारीचा. मी हसायचो. मला त्यात काय चूक दिसत न्हवती.

तर त्या सालच्या श्रावणात सकाळी शेवंता नळाला गेली ती घागरीसकट खाली बसली. उजव्या अंगावरनं वारं गेलं. बेळगावला दवाखान्यात बारा दिस काढले. बोलणं ऱ्हायलं, ते एक देवानं बरं केलं, पर उजवा हात गेला आन पाय ओढायला लागली. घरी आणल्यावर आमचा सुनील म्हणाला, आप्पा, आईला आमी न्हेतो, तुमीबी चला. सुनील बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात हाय, तिकडंच वडगावात ऱ्हातोय. दोन खोल्या, भाड्याच्या, खाली घरमालकाचे कापडाचे माग दिवसभर खडखडत असत्यात, शेजारी बसलेल्या माणसाशी वरडून बोलावं लागतं. मी म्हटलं, मी भाड्याच्या घरात निजणार न्हाय, माझं घर हाय. सून म्हणाली, मामा, घर हाय पर आईंना करून घालणार कोण. सविता तिचं नाव, पोरगी गुणाची हाय, खोचून बोलली न्हवती. पर मला लागलं. मी म्हटलं, मी घालीन.

सगळी हसली. शेवंता खाटंवर पडलेली, तीबी अर्ध्या तोंडानं हसली. हसा म्हटलं.

मग सुनील म्हणाला, बरं, दिवाळीपतोर बघू. पर आप्पा, आई वाळलेली दिसली तर मी तुमचं काय ऐकणार न्हाय, उचलून न्हेणार. मी म्हटलं, न्हे. शेवंताची नजर त्या वेळी दारातल्या तुळशीकडं, तेवढं माझ्या ध्यानात ऱ्हायलंय. दवाखान्याचे बारा दिस सोडलं तर ह्या दारातनं ती कवा आठ दिस सलग भाईर ऱ्हायली न्हाय, दोन बाळंतपणं बी हितंच झाली.

दुसऱ्या दिसापास्नं आमची शाळा सुरू झाली. ती खाटंवर, मी वट्ट्याफुडं. पयला चहा म्हंजे काढा झाला. भात खाली करपला आन वर कच्चा. पिठलं केलं तर त्यात सुपारीएवढ्या गाठी, शेवंता म्हणाली, अवं, हे पिठलं हाय का भज्यांची आमटी. मी इचारायचो, मीठ किती, ती म्हणायची, अंदाजानं. तिखट किती, अंदाजानं. मला राग यायचा. म्हटलं, अगं, अंदाजानं म्हंजे किती, चमचा सांग की. ती म्हणाली, तुमी वखारीत नव्या गड्याला काय सांगता. मी त्यास्नी हेच सांगायचो, मुठीला कळंल.

आन खरंच मुठीनंच मला तारलं बघा. ज्वारीच्या पिठात गरम पाणी घालायचं, मळायचं, किती मळायचं ते कळंना, भाकरी थापताना फुटायची, उचलली की दोन तुकडं. एक दिस वखारीतनं आलो, सीझन नसला तरी शेट मला सकाळी दोन तास बोलवायचे, तर तिथनं आलो, पिठाचा गोळा हातात घेतला आन सवयीनं मूठ आवळून सोडली. आन मला कळलं. ह्याला अजून पाणी पायजे. घातलं, मळलं, परत मूठ. आता बरुबर. त्या दिवशी भाकरी अख्खी तव्यावर पडली. फुगली न्हाय, पर अख्खी. मी ती शेवंताला न्हेऊन दावली, शाळंतलं पोरगं पाटी दावतं तशी.

तिथनं फुडं मी रोज भाकरी करायला लागलो. भाकरी, पिठलं, न्हायतर मुगाची आमटी, वांगं भाजून. शेवंताला एका हातानं भाकरी मोडता येत न्हवती म्हणून मीच आमटीत कुस्करून द्यायचो, ती डाव्या हातानं खायाची. कशी झालीया म्हणून मी कवा इचारलं न्हाय. मला छान लागत व्हती, मग झालं की. शेजारची गंगव्वा, कानडी बाई, रोज कुडावरनं इचारायची, अज्जा, ऊट आतेन, म्हंजे जेवण झालं का. मी छाती फुगवून म्हणायचो, झालं, मी केलं. आळीत माझ्या भाकरीची चर्चा व्हती, मीच करत व्हतो ती.

दिवाळीला सुनील आन सविता आली. सुनील आईजवळ बसला, तिचा हात हातात घेतला आन वर बघून म्हणाला, आप्पा, आईच्या बांगड्या कोपराला जात्यात. मी बघितलं. रोज बघणाऱ्याला दिसत न्हाय ओ. चोळी खांद्यावरनं उतरलेली, गळ्याची हाडं वर आलेली. मी म्हटलं, तीन टायमाला घालतो, इचार तिला. शेवंता म्हणाली, घालत्यात रं, मलाच भूक न्हाय, खाल्लं की गरगरतंय.

सविता म्हणाली, मामा, आज तुमच्या हातचंच खाऊ. मी खुशीत वाढलं. तिनं एक घास घेतला, चावता चावता थांबली, उठून मोरीकडं गेली. परत आली आन हळूच म्हणाली, मामा, भाकरी कडू लागती. मी भडकलो. म्हटलं, तुमच्या गिरणीच्या पाकिटातलं पीठ खाऊन जीभ बिघडलीय तुमची, ही रानातली ज्वारी हाय. सुनीलनं घास घेतला, ऱ्हायलेली भाकरी ताटाच्या कडंला ठेवली. मी ती भाकरी उचलली आन तावातावानं भाईर गेलो. गंगव्वाची गाय कुडाला बांधलेली असती, दिसंल ते खाती, एकदा माझा गमजा खाल्लाय तिनं. तिच्याम्होरं भाकरी धरली. गायीनं वास घेतला, फुर्र केलं आन तोंड फिरवून उभी ऱ्हायली.

गंगव्वा बघत व्हती. तिनं भाकरी माझ्या हातातनं घेऊन नाकाला लावली आन म्हणाली, अज्जा, गायीला तंबाखू चारताय व्हय.

मी हाताकडं बघितलं. माझ्या जिभंला कडू कळत न्हवतं ओ, पन्नास वर्सं तोच हात, तोंडात तोच तंबाखूचा बार, मला भाकरी गोड लागायची. आन त्याच हातानं मळून, त्याच हातानं कुस्करून मी तिला दोन महिनं घातलं व्हतं.

आत जाऊन मी शेवंताच्या खाटंजवळ खाली बसलो. म्हटलं, अगं, तुला कळत न्हवतं. ती म्हणाली, पयल्या दिसापास्नं कळत व्हतं. मग सांगितलं का न्हाईस. तर म्हणाली, आठवतंय का, लग्नाच्या पयल्या साली पावण्यांफुडं आमटी अळणी झालती, तुमी ताट ढकललं ते भिंतीला जाऊन लागलं. तवापास्नं अठ्ठेचाळीस वर्सं मी तुमच्या तोंडाकडं बघून मीठ वळखलं, तुमी कवा बरं म्हटलं न्हाय का वाईट म्हटलं न्हाय. मी भाकरी कडू म्हटली असती तर तुमी वट्ट्यावरनं उठला असता. उठला असता का न्हाय. मग मला ह्यांनी वडगावात न्हेलीच असती. कडू तर कडू, आपल्या दारात तर व्हते.

सुनीलनं ऐकलं सगळं. पर तो म्हणाला, आप्पा, आता इषय संपला, उद्या धा वाजता गाडी सांगतो. सवितानं दोन लुगडी आन औषधं पिशवीत भरून पिशवी उंबऱ्याजवळ ठेवली.

ह्याला आता तीन वर्सं व्हत आली. तंबाखू सोडली का म्हणाल तर न्हाय सोडली, खोटं कशाला सांगू, बार भरतो पर डाव्या हातानं. वखारीत जातो ते चहा प्यायला. तिथं आता ओल बघायला मशीन आलंय, त्याला म्हणं साबण लावला तरी चालतोय. शेवंता ती बघा, हितंच खाटंवर बसून ऐकतीया, मदीच मान हलवती म्हंजे मी काय तरी चुकीचं सांगितलं आसंल. देवानं सगळ्यांस्नी आसं माणूस द्यावं आन आसं माणूस कळायला एवढी वर्सं लावू नयेत. पर तुमी हे लिवून घेताय ती वही मिटायच्या आधी त्या दुसऱ्या दिवसाचं सांगतो.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना उठलो. कपड्याचा साबण घेतला, चिच घेतली, राख घेतली आन नळाखाली बसलो. उजवा हात घासला. बादलीतलं पाणी तपकिरी झालं, ओतलं, परत घासला. नखं कापली, नखांच्या आत काडीनं कोरलं. चौथ्या बादलीला पाणी पांढरं आलं. हात दुसऱ्याचाच दिसाय लागला. तेवढ्यात वखारीतला माणूस आला, शेटनी बोलावलंय, नवा माल आलाय म्हणाला. मी म्हटलं, शेटना सांग, दत्तूनं हात साबणानं धुतला. तो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. मग चप्पल ओढत गेला.

पिठलं टाकलं. पीठ मळलं. मूठ आवळली तर काय कळंना, नुसता गोळा. अंदाजानं पाणी घातलं. पयली भाकरी वाकडीतिकडी झाली, ती घेऊन भाईर गेलो. सविता माझ्या मागनं दारात येऊन उभी. गायीनं वास घेतला आन भाकरी माझ्या हातातनं ओढून घेतली, बोटंबी चाटली.

दुसरी भाकरी शेवंताच्या ताटात कुस्करली, वर पिठलं घातलं. सुनील पिशवीजवळ उभा. तिनं डाव्या हातानं घास घेतला, चावला, गिळला, परत घेतला. मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो, जन्मात पयल्यांदा. आन इचारलं, कसं झालंय. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, पिठल्यात मीठ कमी हाय.

सुनील माझ्याकडं बघाय लागला. मग खिशातनं फोन काढून भाईर गेला, गाडीवाल्याला काय म्हणाला ते मला ऐकू आलं न्हाय. मी उठलो, फळीवरनं मिठाची बरणी काढली, चिमूटभर मीठ तिच्या ताटाच्या कडंला वाढलं आन म्हटलं, आता बघ गं, पुरतंय का.