उपासाला न चालणारा काढा

मंडळी, आधी मला एक सांगा — देवाचं आपल्या पोटाशी काही वैर आहे का? नाही ना? मग आमच्या द्वारकाकाकूंना तसं का वाटत होतं, ते ऐका!

काकू सोमवार धरायच्या, गुरुवार धरायच्या, शनिवार धरायच्या. चतुर्थी-एकादशी वेगळ्याच! नवस एकच — सुनेची, वत्सलेची कूस उजवू दे. आणि उजवली हो! वत्सलेला सातवा लागला. पण इकडे काकूंच्या पोटात आगडोंब! डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, अल्सर आहे, आत जखम आहे. असंच चाललं तर नातवाचं तोंड दिसायचं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. जोडीला गावच्या विष्णुवैद्यांनी ज्येष्ठमध आणि शतावरी उकळून काढा दिला — दोन वेळा घ्या, वेळेवर जेवा, तिखट बंद!

उपासाच्या दिवशी काकूंनी घोटभरही घेतला नाही. का? तर उपासाला चालत नाही! आणि हिरव्या मिरच्या घातलेली साबुदाण्याची खिचडी? ती चालते! वैद्यबुवा म्हणाले, अहो, रताळं मूळ, तसं ज्येष्ठमधही मूळच. काकू म्हणाल्या, रताळ्याचं ठरलेलं आहे. कोणी ठरवलं, हे विचारायची वैद्यबुवांची छाती झाली नाही. हसू नका, तुमच्याही घरी मी फराळ केलाय!

एका शनिवारी काकूंना रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात नऊ दिवस काढले. घरी आल्या आल्या विचारतात काय — आज वार कोणता? सोमवार! झालं, काढा परत गेला.

वत्सलेनं वाद घातला नाही. आपलं वाढलेलं ताट झाकलं आणि काढ्याचा पेला घेऊन सासूशेजारी येऊन बसली. दुपार टळली. शेवटी काकूच झाकल्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या,

"अगं, पोटुशी बाईनं उपाशी राहू नये. देवाला चालायचं नाही."

"देवाला माझं पोट कळतं, मग तुमचं कळत नाही का, सासूबाई? तुमच्याविना हे बाळ वाढवायचं मला जमणार नाही."

काकूंचे डोळे भरून आले, मंडळी. इतकी वर्षं देवासाठी उपाशी राहिल्या, पण आपल्यासाठी कोणी उपाशी बसलेलं त्यांनी प्रथमच पाहिलं. त्यांनी पेला ओढला आणि काढा पिऊन टाकला. मग दोघी मऊ भात जेवल्या — सोमवारी! देव रागावला? दोन महिन्यांनी मांडीवर नात दिली त्यानं!

आता तुमच्याकडे येतो. उपास करा, खुशाल करा. पण दुखणं अंगावर काढून देवापुढे बसता, तेव्हा स्वयंपाकघरात कोणाच्या तरी घशाखाली घास उतरत नसतो. तिचा उपास कोणत्या देवाला पोचतो, सांगाल?