बॅगेच्या बुडाचा कापूस

मलकापूरले आमचं घर पिंजाऱ्याचं. आजा पिंजारी, अब्बा पिंजारी, अन् मी बी लहानपणापासून तेच करत होतो, लोकायच्या जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस काढायचा, पिंजायचा, पुन्हा भरायचा. नाकात कापूस, डोक्यात कापूस, शाळेतले पोट्टे मले म्हातारा म्हणत, काऊन की माह्ये केस सकाळीच पांढरे. एक डाव एकाले अशी लाथ मारली मी की तो फळ्यापाशी जाऊन पडला, अन् मागं पीटीचे सर उभे. म्हटलं आता बसते छडी. ते म्हणाले, पुन्हा मार बरं, पण कमरेतून मार. काय सांगू तुम्हाले, इतूनच सुरू झालं सगळं.

सरायले किकबॉक्सिंग येत होतं, पण मारायले बॅग नोती गावात. मंग अब्बानं जाड कॅनव्हासची शिवून देली, जिनिंगच्या कारखान्यातला टाकाऊ कापूस ठासून भरला, अन् दुकानाच्या आढ्याले टांगली. पंधरा दिवसांनी पाहतो तं अब्बा बॅग उसवून बसेल होते. म्या म्हटलं, अब्बा, चांगली होती, काऊन खोलली? ते म्हणे, अबे, मार खाऊन कापूस खाली बसते, वरून नरम लागते अन् बुडाले गोटा होते, त्याले उठवत राहा लागते. मंग दर पंधरा दिवसाच्या शुक्रवारी नमाज झाली की आमी दोघं बॅग उसवायचो. हे मले अब्बानं शिकवेल आहे, हे ध्यानात ठेवा, पुढं लागन.

जिल्हा मारला, राज्य मारलं, मंग देशाचं सोनं दोन डाव आणलं. स्टेशनवर हार घेऊन लोक आलते, त्यातल्या अर्ध्यायले किकबॉक्सिंग काय असते ठाव नोतं, कोणी कराटे म्हणे, कोणी कुस्ती. अब्बाच्या बी गळ्यात हार घातला, तं ते मले हळूच म्हणे, हा कायले, म्या काय केलं? आता अब्बा नाहीत. तिसऱ्या डावाले फायनलमधी उजवा गुडघा फिरला माह्या, ऑपरेशन झालं, पण तो पुरा वाकतच नाई. नमाज बी खुर्चीवर बसून पढतो. खाली बसनं म्हणजे मले पहाड उतरनं आहे.

मंग क्लास काढला, जिनिंगच्या मांगच्या शेडमधी. अठरा वर्षं झाले. तेच एक-दोन, तेच हात वर ठेव, तेच बोंबलनं. पोट्टे येतात, आठ दिवसांनी गायब होतात. खरं सांगू का, थकलो मी, भाऊ. पण वैष्णवी आली तवा जरा बरं वाटलं होतं. अकरा वर्षाची पोट्टी, बाप नाई, माय बस स्टँडवर पोहे विकते. माय मले म्हणे, सर, तोंडाले मार लागू देऊ नका, उद्या लग्न करा लागते तिचं. पोट्टीनं सहा वर्षं एक दिवस खाडा नाई केला. पाय असा मारे की बॅग दोन हात मांगं जाय. राज्याच्या सामन्याले आठ दिवस राह्यले होते, अन् मले मनातून खात्री होती, हे पोट्टी सोनं आणते.

त्या शुक्रवारी क्लासची बॅग उसवायची होती. गुडघा ठणकून राह्यला होता. म्या उभ्याउभ्या वरून हात लावून पाह्यला, नरम होती. म्हटलं जाऊ द्या, पुढच्या शुक्रवारी पाहू. खाली वाकलो नाई. पिंजाऱ्याच्या पोटचा मी, मले ठाव नोतं का कापूस कुठं बसते? ठाव होतं. वाकायचा कंटाळा केला.

सोमवारी वैष्णवीनं बुडाले लाथ मारली, खालची, मांडीवर मारतात ते. असा आवाज आला की सगळे पोट्टे थांबले. पायाच्या पंजाचे दोन हाडं मोडले. दवाखान्यात पोट्टी रडून राह्यली होती अन् मलेच म्हणे, सर, चुकलं माह्यं, नडगी लागाले पाह्यजे होती, पंजा लागला. माय बी तिलेच बोलली, सर सांगतात तसं मारत नाईस तू. अन् मी? म्या म्हटलं, होते असं कधी कधी.

चार महिने मी चूप. राज्याचे सामने होऊन गेले. मंग पोट्टी लंगडत आली, भिंतीले टेकून उभी राह्यली अन् म्हणे, सर, मले ते लाथ पुन्हा दाखवा, माह्यं नेमकं काय चुकलं ते समजलं पाह्यजे. रोज यायची, हळूहळू नडगी फिरवून पाहायची, अन् मलेच विचारायची, आता बरोबर आहे का? दहा दिवस म्या हाव हाव म्हटलं. अकराव्या दिवशी नाई झालं माह्याच्यानं. तिले सांगून टाकलं. म्हटलं, पंजा लागला हे खरं, पण बॅग नरम असती तं हाड मोडलं नसतं. बुडाले गोटा होता, अन् म्या पाह्यलं नाई. संध्याकाळी मायलेबी जाऊन सांगितलं. माय पोह्याचा झारा हातात धरून उभीच राह्यली. म्हणे, चार महिने म्या पोरीले बोलून राह्यली, अन् तुमी ऐकून राह्यले होते.



आठ दिवस पोट्टी आली नाई. म्या ठरवलं, क्लास बंद करून शेडची चाबी जिनिंगवाल्यायले परत करून टाकाव. मंग शुक्रवारी नमाजहून आलो तं शेडचं दार उघडं, दुसरी चाबी पोट्टीपाशीच होती. वैष्णवी जमिनीवर बसेल होती, बॅग खाली उतरवेल होती, टाके उसवून राह्यली होती. म्या खुर्ची ओढून जवळ गेलो तं म्हणे, तुमी राहू द्या. मले सांगा फक्त, कसं पिंजतात. म्या सांगत गेलो, तिनं त्या गोट्याचा कापूस बोटांनी सोडवला, एक एक गाठ. पोट्टे आले, त्यायले बी बसवलं.

दोन वर्षं झाले याले. थंडीत पाय दुखते तिचा, सामने नाई खेळत, बारक्या पोरींयले शिकवते. मले सर म्हणते, पण माफ केलं असं काई बोलली नाई, अन् म्या बी विचारलं नाई. विचारायचा हक नाई मले. अल्ला तिच्या हातापायाले बरकत देवो, तिच्या मायले सुख देवो. मी खुर्चीवर बसून मोजत राह्यतो, एक-दोन, एक-दोन. पण मोजाच्या आधी रोज वैष्णवी बॅगेपाशी खाली बसते, बुडाले दोन्ही हातानं दाबून पाह्यते, मंग माह्याकडे न पाहता पोरींयले म्हणते, हं, मारा आता.